उदाजीरावांचं कूलंट

मोठ्या माणसाची गाडी कधी गळत नसते, बरं का! सरळ पट्टीवर सुसाट गाड्या पळवायच्या हौशी ड्रॅग रेसमध्ये नियम होता, की इंजिन थंड ठेवायला फक्त पाणी भरायचं. कूलंट, म्हणजे थंडाव्याचं बुळबुळीत रसायन, सांडलं तर पट्टी निसरडी होते आणि मागची गाडी घसरते.

पण रेसला पैसा पुरवणारे उदाजीराव अडले. "माझं कूलंट परदेशी आहे. गाडी गळत नाही. पाणी भरणार नाही!"

तपासनीस मंदाताईंची पंचाईत झाली. अडवावं तर रेसच बंद पडणार. त्या म्हणाल्या, "बरं साहेब, मग सगळ्यांनाच सूट. तुमच्या आधी तुमच्याच पट्टीवर सदूभाऊ धावतील, कूलंट भरून."

"अहो, त्यांचा खटारा गळका आहे!"

"तेही म्हणतात, गळत नाही."

उदाजीराव मग स्वतःच बादली घेऊन नळाकडे निघाले.