रंगाऱ्यांनी बांधलेली शाळा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. लहानांसाठी सांगते आहे, पण कान द्यायचा तो थोरांनी.

नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी नीळ, हळद, मंजिष्ठ, कुसुंबा. तिथलं कापड राजाच्या अंगावर जायचं. त्या गावात रांगत्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असायची: उन्हाने रंग उडतो. म्हणून रंगवलेलं कापड सावलीत वाळवायचं, वाळलं की कोठीत ठेवायचं, आणि सगळ्यांत मोलाचं कापड कोठीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे दिव्याची तिरीपही पोचत नाही. कापडाच्या बाबतीत हे अगदी खरं होतं. पण माणसाला एक गोष्ट खरी कळली, की तो तिचंच माप साऱ्या जगाला लावत सुटतो.

गावाचा पुढारी होता थोरला रंगारी. त्याला एकुलती एक लेक, सगुणा. निळीचं कापड रांजणातून वर येतं तेव्हा हिरवट दिसतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. पुरे म्हणायचं की आणखी एक बुडी द्यायची, हे भर उजेडात धरून नजरेनेच ठरवावं लागतं. ती नजर साऱ्या गावात थोरल्या रंगाऱ्याची. त्याच्यामागून कोणाची, तर या चिमुरडीची.

"बाबा, अजून एक बुडी," ती म्हणायची.

"मला तर पुरेसं वाटतंय."

"काठाला बघा की. काठ अजून घाबरलाय."

तो वाकून बघायचा. काठ खरोखरच फिका असायचा. मग तो हसायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, "माझे डोळे म्हातारे झाले तरी काळजी नाही. दुसरे डोळे घरात वाढतायत."

गावची शाळा तेव्हा लिंबाखाली भरायची. एके दिवशी थोरला रंगारी तिथून जाताना थांबला. त्याने लेकीला कालचा पाठ विचारला. सगुणा वर फांदीकडे बघत होती, तिला काही आठवेना.

"काल तर घडाघडा म्हणत होतीस. आज कुठे गेलं?"

"गेलं," सगुणा म्हणाली. मुलं हसली.

थोरला रंगारी हसला नाही. त्याने लिंबातून गळणाऱ्या उन्हाकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात एक विचार आला. त्याला वाटलं, हे केवढं मोठं सत्य आपल्या हाती लागलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "पोरांवर विद्येचा रंग चढवता आणि त्यांना उन्हात वाळत घालता. मग तो उडणार नाही तर काय?"

गावाने माना डोलावल्या. रंगाऱ्यांनाच सुचावी अशी चूक होती ती, म्हणून एकालाही ती चूक वाटली नाही.

काळ्या दगडाची शाळा उभी राहिली. जाड भिंती, एक ठेंगणं दार, खिडकी नावालाही नाही. गुरुजींच्या बैठकीपाशी तेवढी एक समई. आणि कोठीच्याच रिवाजाने, ज्याचं पोर जास्त लाडाचं, त्याला जास्त आतली जागा. थोरल्या रंगाऱ्याने आपल्या लेकीला सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात बसवलं. प्रेमानेच बसवलं. हेच तर वाईट आहे.

त्याची बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, पोर म्हणजे काही लुगडं नव्हे, घडी घालून कोपऱ्यात ठेवायला."

"तुला रंगातलं काय कळतं?"

"रंगातलं नसेल कळत. पोरातलं कळतं."

त्याने ऐकलं नाही.

काही दिवस मुलांना गंमत वाटली. मग गंमत सरली. समईच्या धुराने मुलं खोकू लागली. दिवसा त्यांना पेंग यायची आणि रात्री झोप यायची नाही. खेळायला सोडलं तरी ती भिंतीच्या सावलीत बसून राहायची, चिडायची, एकमेकांना चिमटे काढायची. समईजवळची चार मुलं नीट लिहायची, त्यांना गुरुजी हुशार म्हणू लागले. आतली मुलं पाटी नाकाला लावायची, ओळीवर ओळ चढवायची, त्यांना गुरुजी ढ म्हणू लागले.

छताला एक वटवाघूळ येऊन राहिलं. सगुणाने एकदा त्याला विचारलं, "तुला इथे दिसतं कसं?"

"मी बघतोय कुठे?" वटवाघूळ म्हणालं. "मी ऐकतो. मला एवढी चांगली शाळा कुठेच मिळाली नव्हती."

"पण मला बघायचं असतं."

"मग चुकीच्या घरात आलीस, बाई. इथे राहायचं तर माझ्यासारखी हो."

सगुणा तशी झाली. तिने बघायचं सोडलं आणि ती नुसती ऐकू लागली. सगळा पाठ तोंडपाठ, पाटीवर मात्र अक्षर उमटेना. बाहेरून जाणाऱ्यांना मुलांचा मोठा घोष ऐकू यायचा. थोरला रंगारी भिंतीबाहेर उभा राहून तो ऐकायचा आणि समाधानाने परत जायचा. आत डोकावून बघावं असं त्याला कधी वाटलं नाही. कोठीचं दार पुन्हापुन्हा उघडू नये, असं त्याला लहानपणीच शिकवलं होतं.

एक दिवस गुरुजी त्याच्याकडे गेले. चाचरत म्हणाले, "सगुणा जरा मागे पडतेय."

"रंग चढत नाही म्हणता?"

"तसंच म्हणा."

"मग जास्त वेळ मुरवायला हवी."

आता या गुरुजींना मी काही सोडायची नाही. त्यांना सगळं कळत होतं. आतली मुलगी दिव्याशी बसवली की लिहिते, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. पण थोरल्या रंगाऱ्याने भर सभेत त्यांच्या डोक्याला रेशमी फेटा बांधला होता, आणि तो फेटा सांभाळता सांभाळता त्यांची मान काही वर होईना. "बरं," एवढंच म्हणून ते परत आले.

इतर मुलं दुपारी घरी जायची. सगुणा दिवस मावळेपर्यंत कोपऱ्यात बसू लागली.

घरी आली की ती डोकं धरून पडायची. आई कपाळाला सुंठेचा लेप लावायची. "काय होतंय, बाळा?"

"काही नाही. चुलीपुढे बसू नकोस ना, उजेड टोचतो."

ती माउली नवऱ्यापुढे भांडली, रडली, एकदा पोरीला घरीच लपवून ठेवलं. थोरला रंगारी स्वतः पोरीला कडेवर घेऊन शाळेत पोचवून आला. वाटभर त्याने आपल्या उपरण्याने तिचं तोंड झाकलं होतं. ऊन लागू नये म्हणून.

वर्षं गेली. थोरल्या रंगाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, सगळं धुक्यातून दिसू लागलं. त्याच सुमारास राजाकडून मागणी आली. युवराजाच्या अभिषेकाला निळा शेला हवा, आणि निळा म्हणजे या गावचाच निळा. थोरला रंगारी जराही डगमगला नाही. त्याने लेकीला रांजणापाशी बोलावलं. गाव भोवती जमलं.

त्याने शेला बुडवला, वर काढला, वाऱ्यावर धरला. पाणी ठिबकत होतं.

"सांग, पोरी. पुरे की अजून एक बुडी?"

सगुणाने मान वर केली. ऊन तोंडावर आलं आणि तिचे डोळे गच्च मिटले. तिने पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. पाण्याच्या धारा लागल्या.

"सांग की. काठ घाबरलाय का बघ."

"बाबा, काठ कुठे आहे?"

लोकांना वाटलं, पोर थट्टा करतेय. एकजण हसलासुद्धा. मग कोणीच हसलं नाही.

"हा काय तुझ्या पुढ्यात."

"सगळं पांढरं दिसतंय," ती म्हणाली. "तुम्ही पाठ विचारा. पाठ सगळा येतो मला." आणि तिथेच, मिटल्या डोळ्यांनी, ती पाठ म्हणू लागली. शेवटपर्यंत म्हणाली. एक अक्षर चुकली नाही.

थोरल्या रंगाऱ्याच्या हातातून शेला सुटला आणि मातीत पडला.

तो पहार घेऊन शाळेकडे गेला. मुलं आतच होती, त्याने आधी त्यांना बाहेर काढलं आणि मग भिंत फोडायला लागला. संध्याकाळपर्यंत पूर्वेच्या भिंतीला मोठं भगदाड पडलं. वटवाघूळ चिडून उडून गेलं. गुरुजी एका बाजूला उभे होते. त्यांना थोरल्या रंगाऱ्याची बायको एवढंच म्हणाली, "फेटा काढा आणि दगड उचला." त्यांनी काढला आणि उचलले.

त्या शाळेला चारी बाजूंनी खिडक्या झाल्या. धाकटी मुलं हळूहळू सुधारली. झोपू लागली, भांडायची थांबली, कालपर्यंत ढ म्हटलेली पोरं सरळ ओळीत लिहू लागली. पण सगुणाची नजर परत आली नाही. वैद्य झाले, अंजनं झाली. जे दिवस कोपऱ्यात गेले, ते कोणी आणून देऊ शकलं नाही.

शेला राजाकडे गेलाच नाही. त्या गावचा निळा पुढे कोणालाच जमला नाही.

रोज सकाळी म्हातारा लेकीला खिडकीपाशी आणून बसवायचा. तीच जागा, जिथे पूर्वी कोपरा होता. ऊन तिच्या हातांवर पडायचं.

"आज आभाळ कसं आहे, बाबा?"

त्यालाही धड दिसायचं नाही. तो धुक्यात बघत राहायचा. "निळं आहे," तो म्हणायचा.

"पुरेसं निळं?"

तो तिचा हात आणखी थोडा उन्हात सरकवायचा.

बोध एवढाच: कापड अंधारात टिकतं, पण लेकराला जपायचं तर त्याला उजेडातच बसवावं लागतं.