धीरकाकांची मोटार

एका डोंगराआडच्या गावात एक काका राहत असत. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं, पण ती ते कधी घेत नसे. बाकी सारा गाव त्यांना धीरकाका म्हणे, कारण कुणाकडे काही वाईट घडलं की धीर द्यायला काका पहिले हजर होत. कधी कधी तर ते बातमीच्याही आधी पोचत, आणि घरची माणसं त्यांना दारात बघूनच घाबरून जात.

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. काकांनी आंघोळ केली, कालची भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि ते गिरणीवाल्याकडे निघाले. गिरणीवाल्याची म्हैस गेली होती. त्याला द्यायला काकांनी काखेत एक बासरी घेतली होती. ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतात तोच समोरून त्यांचा मेहुणा आला. काकूंना माहेरी जाऊन थोडेच दिवस झाले होते. मेहुण्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

गिरणीवाल्याला बासरी मिळाली नाही. आणि काकू माहेराहून परत आल्या नाहीत.

आता ही बासरी काखेत का होती, ते सांगायला हवं. धीर देण्याची काकांची एक रीत होती. ते जात, थोडं बसत, मान हलवत आणि म्हणत, "मन कशात तरी गुंतवा." मग आपल्या माळ्यावरून आणलेली एखादी वस्तू त्या माणसापुढे ठेवत. तेल्याचे वडील गेले तेव्हा त्याला सोंगट्यांचा पट मिळाला. मास्तरीणबाईंना विणायच्या सुया मिळाल्या. पाटलांची आई गेली तेव्हा काका पिंजऱ्यासकट एक पोपट घेऊन गेले. पोपट नवा होता. त्याने काकांचं बोलणं नीट ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून तो तेवढंच बोलत असे.

वस्तू ठेवली की काका उठत. दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, असा त्या गावचा रिवाज होता. 'येतो' म्हटलं तर दुःखही पुन्हा येतं, असं जुनी माणसं सांगत. म्हणून काका न बोलता चपला घालत आणि चालू लागत. रिवाज पाळण्यात ते इतके चोख होते की त्या घरी पुन्हा जातच नसत.

आता गाव त्यांच्या घरी भेटायला आला. आणि गाव काही विसरलेला नव्हता.

तेल्याने पट आणला. "काका, मन कशात तरी गुंतवा," तो म्हणाला.

मास्तरीणबाईंनी सुया आणल्या. "दोन उलटे, दोन सुलटे. मन गुंततं म्हणतात."

"तुमचं गुंतलं?" काकांनी विचारलं.

"माझी लोकर गुंतली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

पाटलांनी पोपट आणला. त्यांना काही बोलावंच लागलं नाही. पिंजरा खुंटीला टांगल्याबरोबर पोपट म्हणाला, "मन गुंतवा, मन गुंतवा." पाटलांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी समाधान दिसलं.

सगळ्यांत शेवटी समोरच्या घरातल्या शिंपीणबाई आल्या. त्यांचे यजमान गेल्याला बरेच दिवस झाले होते. त्यांच्या हातात एक खोका होता. खोक्यावर लाल मोटारीचं चित्र होतं आणि आत त्या मोटारीचे सुटे भाग होते. ते जोडून वीतभर लांबीची, हुबेहूब खऱ्यासारखी गाडी करायची. यजमान गेले त्या दिवशी माळ्यावर हाताला दुसरं काही लागलं नव्हतं, म्हणून काकांनी शिंपीणबाईंना हीच दिली होती.

"घ्या," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुमची वस्तू तुम्हाला."

"तुम्ही केली नाहीत?"

"करून बघा म्हणजे कळेल," असं म्हणून त्या बसल्या, थोड्या वेळाने उठल्या आणि रिवाजाप्रमाणे न बोलता निघून गेल्या. सगळेच तसे निघून गेले. तेरावं झालं आणि दार वाजायचं थांबलं. घरात काका उरले आणि पोपट.

पण काकांपुढे एक वेगळीच पंचाईत होती. आयुष्यभर त्यांनी गावाला एकच औषध दिलं होतं. ते औषध त्यांना स्वतःलाच लागू पडलं नाही, तर उद्या त्यांना धीरकाका कोण म्हणणार? आणि ते धीरकाका नसले, तर मग कोण? घरात आता त्यांना नुसतं 'अहो' म्हणणारंही कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी चावडीवर जाऊन सांगून टाकलं, "मी ती मोटार जोडतोय. ती पुरी झाली की माझं मन ताळ्यावर आलं असं समजा."

गावाला ही कल्पना फार आवडली. येता-जाता लोक खिडकीतून विचारू लागले, "झाली का मोटार?" पाटलांनी तर जाहीर केलं, की येत्या बाजाराच्या दिवशी सगळे मिळून मोटार बघायला जाऊ.

काकांनी खोका उघडला. आत प्लास्टिकच्या चौकटींना बारीक बारीक तुकडे लटकलेले होते. ते कैरीसारखे देठापासून मोडून घ्यायचे होते. सोबत एक कागद होता. त्यावर अक्षर एक नव्हतं, नुसते बाण होते. काकांनी जन्मभर दुसऱ्यांना वाट दाखवली होती, त्यामुळे बाणांकडे बघायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी आधी पुढची काच बसवली, कारण काच छान चकाकत होती. मग टप बसवला. मग बैठका हातात घेतल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की बैठका आत जायला आता वाटच राहिलेली नाही.

"धीर धरा," पोपट म्हणाला. हे तो कधी शिकला होता कोण जाणे.

काकांनी टप उचकटला, काच काढली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खोक्यात गोंदाची एक नळी होती, आणि त्या गोंदाची एक खोड होती. बोटाला तो लगेच चिकटे आणि मोटारीला सावकाश. दोन तुकडे जोडून हात सोडला की ते हळूच विलग होत. ते जोडून बराच वेळ तसेच दाबून धरायला हवेत, आणि धरत असताना दुसरं काहीच करता येत नाही. चहा नाही, माशी हाकलणं नाही. एक चाक धरावं तर दुसरं पडे. दुसरं धरावं तर चष्मा घसरे. एकदा तर एक दिवा कुठेच सापडेना. तो संध्याकाळी दूधवाल्याला काकांच्या मिशीत दिसला.

खोक्याच्या तळाशी इंजिनाचे तुकडे होते. काकांनी ते काढले तर ते आधीच जोडलेले होते. वाकडेतिकडे जोडलेले, आणि गोंद सुकेपर्यंत सुटू नयेत म्हणून भोवती शिवणाचा काळा दोरा गुंडाळलेला. दोऱ्याचे कितीतरी फेरे होते.

काका तो दोरा बघत बराच वेळ बसले. मग त्यांनी इंजिन होतं तसंच, दोऱ्यासकट मोटारीत ठेवून दिलं.

बाजाराचा दिवस जवळ आला. मोटार अजून आडवी पडलेली होती. त्या दुपारी काका टप पुन्हा बसवत होते, तेव्हा उजव्या हाताची बोटं टपाला चिकटली आणि डाव्या हाताची सांगाड्याला. सोडवू जावं तर मोटार उकलणार, न सोडवावं तर काका अडकणार. नेमका त्याच वेळी गिरणीवाला दारात आला. काकांनी मोटारीसकट दोन्ही हात पंच्याखाली लपवले.

"काका, मी शहरात चाललोय," गिरणीवाला हळूच म्हणाला. "तिथे तयार मोटार मिळते. लालच, वीतभरच. आणू का? बाजाराच्या दिवशी तीच दाखवा. कुणाला कळतंय?"

गिरणीवाला मनाचा चांगला होता. त्याला बासरीही मिळाली नव्हती.

काकांच्या तोंडावर 'आण' हा शब्द आलेला होता. तयार मोटार फळीवर ठेवायची, गाव येणार, वाहवा करणार, आणि काकांची पत जशीच्या तशी राहणार. पण मग? मग लोक न बोलता चपला घालणार आणि निघून जाणार. उद्यापासून खिडकीतून "झाली का मोटार?" असंही कुणी विचारणार नाही. झालेल्या मोटारीबद्दल काय विचारायचं? आणि मन ताळ्यावर आलेल्या माणसाकडे कोण कशाला येईल?

"नको," काका म्हणाले. "ही होत नाहीये. चावडीवर सांग हवं तर, धीरकाकांना मोटार जमत नाहीये."

"सांगू?"

"सांग. आणि जाता जाता समोर निरोप दे. शिंपीणबाईंना म्हणावं, जरा येऊन धरता का?"

"काय धरायचंय?"

काकांनी पंचा बाजूला केला. गिरणीवाल्याने बघितलं, आणि म्हैस गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

शिंपीणबाई खोबरेल आणि कोमट पाणी घेऊन आल्या. काकांची बोटं सोडवताना त्या म्हणाल्या, "मन गुंतलं वाटतं."

"मन कुठलं हो. बोटं तेवढी अडकली."

शिंपीणबाईंनी समोर बसून दोन्ही बाजूंनी टप धरला. काकांनी खालून सांगाडा धरला. आता गोंद सुकेपर्यंत कुणालाच हलता येत नव्हतं.

"ते इंजिन," काका म्हणाले, "तुम्ही जोडलं होतंत."

"जोडत होते."

"मग सोडलंत का?"

"धरायला कुणी नव्हतं म्हणून दोरा बांधला. आता सगळ्या मोटारीला का दोरा बांधायचा?" शिंपीणबाई टपावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही आलात, खोका ठेवलात, धीर दिलात आणि गेलात. समोर राहता, पण परत फिरकला नाहीत."

"रिवाज आहे, बाई. 'येतो' म्हणायचं नसतं."

"म्हणायचं नसतं. यायला कुणी मनाई केली होती?"

काकांनी सांगाडा आणखी घट्ट धरला.

"आमच्या हिला लाल रंग आवडला नसता," मग काका म्हणाले.

"का?"

"ती म्हणायची, गावात दुरून उठून दिसेल असं काही करू नये."

"मग तुमच्याबरोबर संसार कसा केला त्यांनी?"

काका हसले. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. बातमी आल्यापासून ते पहिल्यांदाच वाहत होते. दोन्ही हातांत मोटार होती, त्यामुळे त्यांना ते पुसताही येईनात आणि लपवताही येईनात. शिंपीणबाईंनी धरलेला टप सोडला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "नाक मात्र मी पुसणार नाही. ते गोंद सुकल्यावर तुमचं तुम्ही पुसा."

गोंद सुकला. टप पक्का बसला. शिंपीणबाई उठल्या आणि पायात चपला घातल्या. तोवर गिरणीवाल्याने चावडीवर सांगितलेलं ऐकून पाटील, तेली आणि मास्तरीणबाई ओसरीवर येऊन उभे होते. त्या सगळ्यांच्या देखत शिंपीणबाई मागे वळून म्हणाल्या, "उद्या येते. चाकं राहिलीत."

दुःखाच्या घरून निघताना असं बोललेलं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. पाटलांनी वर बघितलं, आढं कोसळत नाही ना म्हणून. आढं जागेवर होतं.

"एक चाक मी धरीन म्हणतो," तेली चाचरत म्हणाला.

"माझी बोटं बारीक आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दिवे माझ्याकडे द्या. मिशीत नकोत."

बाजाराच्या दिवशी मोटार पुरी झालेली नव्हती. तरी गाव आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. झाली तेवढी मोटार जरा उजवीकडे झुकलेली होती. ढकलली की ती एका बाजूला वळून फळीच्या कडेला जाई, म्हणून तिच्यासमोर पितळेची वाटी ठेवलेली असे. पण लाल रंग असा चकाके की रस्त्यावरून दिसे.

काका पुढेही लोकांना भेटायला जात राहिले. हातात मात्र काही नेत नसत. जाऊन बसत. त्या घरी कुणी लसूण सोलत असलं तर थोडा पुढ्यात ओढून घेत, कुणी खाटेची दोरी ताणत असलं तर दुसरं टोक धरत. उठताना म्हणत, "उद्या येतो." जुनी माणसं अजून नाक मुरडतात. काका खरोखरच दुसऱ्या दिवशी येतात, त्यामुळे त्यांना फार काही बोलता येत नाही.

तात्पर्य: दुःखात असलेल्या माणसाला मन कुठे गुंतवावं ते सांगू नये. 'उद्या येतो' म्हणावं, आणि यावं.

मोटार अजून काकांच्या फळीवर आहे. तिचं डाव्या बाजूचं दार तेवढं लावायचं राहिलं आहे.