काजळी आणि दारातला पाहुणा

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा विणकर राहत होता. मोठ्या तापातून तो वाचला, पण पायांतलं बळ गेलं. आपल्या काजळी कुत्रीच्या पाठीवर हात टेकून तो रोज अंगणात चार पावलं टाकायचा.

एका दुपारी सटवाजी झोपला असताना दारात पाहुणा आला. ऊन रखरखीत होतं, पण त्याची सावली पडत नव्हती. तो सटवाजीच्याच आवाजात म्हणाला, "काजळे, बाजूला हो."

काजळीच्या अंगावरचे केस उभे राहिले. ती उंबऱ्यावरून हलली नाही.

"तो बरा झाला की तुला कोण विचारणार?" पाहुणा हळूच म्हणाला. "मी फक्त त्याच्या पायांत परत येणारं बळ नेतो. मग तो जन्मभर तुझ्याच आधाराने चालेल."

काजळीने झोपलेल्या सटवाजीकडे वळून पाहिलं. पाठीवरचा तो हात तिला फार आवडायचा.

"नको," ती म्हणाली. "त्याला एकट्याने चालू दे."

ऊन कलेपर्यंत पाहुणा तसाच उभा होता. मग तिथे कोणीच नव्हतं.

महिन्याभराने सटवाजी कोणाच्याही आधाराशिवाय नदीकडे निघाला. काजळी मागेच थांबली. थोडं पुढे जाऊन तो वळला.

"अगं, मागे काय राहतेस? शेजारी चल की."