संध्याकाळ रंगवणारी सारजा

एकदा काय झालं, सारजा नावाची एक रंगारीण होती, तिच्या गावची नदी आटली. आता पाणी नाही तर लुगडी बुडवायची कशात? मग तिने चूल विझवली, म्हाताऱ्या आईला बरोबर घेतलं आणि काम शोधत निघाली.

त्या मुलखात एक रीत होती, बरं का. प्रत्येक राजाच्या वेशीवर एक दगडी हत्ती. काम मागणाऱ्याने त्याच्यासमोर उभं राहायचं. दिवाण विचारायचा, "काय घेशील?" आणि जे तोंडातून निघेल ते हत्ती सोंडेत पकडायचा. झालं! मग त्यात कमी नाही की जास्त नाही. राजाने ते मान्य करायचं, नाहीतर वेस लावून घ्यायची.

पहिल्या राजाकडे सारजाने सरळ सांगितलं, "महिन्याला पोतंभर तांदूळ आणि सणाला आम्हा दोघींना लुगडी."

"एवढं तर आमच्या घोड्यालाही नाही!" दिवाण म्हणाला, आणि धाडकन वेस बंद. तुला रंग कोणते येतात, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. आई झाडाखाली बसून पाय चोळत म्हणाली, "पुढच्या ठिकाणी काही बोलू नकोस गं. देतील त्यांचं ते."

मग दुसऱ्या राजाकडे सारजा खाली बघत म्हणाली, "महाराजांच्या मनाला येईल ते द्यावं." हत्तीने ते पकडलं. आणि काय सांगू तुम्हाला, महाराजांच्या मनाला कधी काही आलंच नाही! सारजा रंगवत राहिली. हाताला भेगा पडल्या, आई उरलंसुरलं खाऊन वाळून गेली. शेवटी एक दिवस दोघी निघाल्या. कुणी अडवलं नाही. त्या गेल्या हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

चालत चालत त्या पश्चिमेच्या राणीच्या वेशीवर आल्या. तिथलं काम मोठं अवघड होतं. त्या राज्याची संध्याकाळ विटून गेली होती. आभाळ पांढरंफटक राहायचं आणि एकदम अंधार कोसळायचा. गाई रानातच थांबायच्या, पाखरं घरट्यांवरून पुढे उडून जायची, खेळायला गेलेल्या पोरांना परतायची वाट सापडायची नाही.

"काय घेशील?" दिवाणाने विचारलं.

सारजाने तोंड उघडलं आणि मिटलं. जास्त मागितलं तर पुन्हा चालत सुटायचं. कमी मागितलं तर जन्मभर अडकायचं. तिचे पाय भरून आले होते. हत्ती सोंड उचलून वाट बघत होता.

मग ती हळूच म्हणाली, "दिवाणजी, आधीचा रंगारी काय घ्यायचा?"

हत्तीने सोंड इकडे हलवली, तिकडे हलवली. पकडायला काहीच नव्हतं! प्रश्न त्याच्या सोंडेत बसतच नव्हता, बरं का.

"तुला गं कशाला त्या चौकशा?" दिवाण खेकसला.

तेवढ्यात वरच्या सज्ज्यातून राणीचा आवाज आला. "सांगा तिला."

"वर्षाला ओंजळभर मोती," दिवाण पुटपुटला.

"मग तो सोडून का गेला?"

राणी स्वतःच खाली आली. तिचाही चेहरा उतरलेला होता. "दमला गं तो. संध्याकाळ रंगवायची, मग सकाळ कोरी उगवावी म्हणून रात्रभर बसून ती धुवायची. झोप अशी त्याला मिळालीच नाही. मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही."

सारजाने एकवार आईकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मोती तेवढेच द्या, राणीसाहेब. पण धुवायला दुसरं माणूस हवं. आभाळ भरून येईल त्या दिवशी मला सुट्टी. आणि आईला राहायला एक खोली, उबदार."

हत्तीने सगळं पकडलं. गच्च सोंड मिटली.

"अहो, याहून कमीत राबणारे पुष्कळ येतील!" दिवाण म्हणाला.

"येतील," सारजा म्हणाली. घाबरायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने एका हाताने गाठोडं उचललं, दुसऱ्याने आईचा हात धरला आणि वळली.

राणीने आभाळाकडे पाहिलं. पांढरं, कोरं. दूर कुठेतरी एक बाई पोराला हाका मारत होती, मारतच होती.

"थांब," राणी म्हणाली. "मान्य आहे."

मग काय! सारजाने मंजिष्ठ कुटली, हळद कालवली, नीळ भिजवली. उंच शिडीवर चढली, आभाळाचा काठ लुगड्याच्या पदरासारखा खाली ओढला आणि रंगात बुडवला. आधी केशरी चढलं, मग गुलाबी, मग जांभळं. रानातल्या गाईंनी माना वर केल्या आणि घराची वाट धरली. पाखरं घरट्यांत शिरली. त्या बाईचं पोर धावत आलं आणि तिला बिलगलं.

सारजा खाली उतरली. आईने पाणी तापवून ठेवलं होतं. तिने हातपाय धुतले, दोन घास खाल्ले आणि आईशेजारी आडवी झाली. किती दिवसांचा थकवा होता तो! उन्हं अंगावर आली तरी तिला जाग आली नाही, आणि कुणी उठवलंही नाही. पुढे ती सुखात राहिली, आई सुखात राहिली, राणीही सुखात राहिली.

झाली गोष्ट. पांघरूण घ्या आता, आणि मिटा डोळे.