एकेचाळिसावा धोका

"अजून कुठला राहिला, चाचा?"

कुणालने कागद जवळजवळ हसनचाचाच्या नाकाखाली धरला. तिसरा दिवस, तिसऱ्यांदा तोच प्रश्न.

चाचाने वाचला. ओठ हलवत, सावकाश, लग्नाची पत्रिका वाचावी तसा. वरून वायर जाते. खाली तेल सांडलंय. साखळीची एक कडी झिजलीय. बाळूच्या पायात बूट नाहीत. चाळीस धोके, एकाखाली एक.

"एक राहिलाय."

"कुठला?"

चाचाने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि चहा मागवला.

कुणालचं डोकं सणकलं. म्हातारी माणसं कोडी घालतात, कारण सरळ उत्तर द्यायचं तर आधी ते ठाऊक असावं लागतं.

साखर कारखान्याच्या आवारात बावीस टनांचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होऊन आला होता. त्याला परत त्याच्या चौथऱ्यावर बसवायचं होतं. हसनचाचा परकार आणि त्याचे अवजड कामाचे खलाशी जन्मभर हेच करत आले: जे कुणाच्या बापाला हलत नाही ते हलवायचं. चाचाने कबूल केलं होतं, यादी पुरी कर, पुढे हुकूम तुझा चालेल. कुणालला दुसरं काही नको होतं. डिप्लोमा त्याने दुसऱ्या वर्षी सोडला. सरांचं फळ्यावरचं गणित चुकलंय हे भर वर्गात सांगितलं आणि माफी मागितली नाही, एवढीच त्याची कहाणी. घरात तेव्हापासून त्याच्या जिभेचाच उद्धार चालू होता.

"राहिलं तर राहू दे," चहा संपवून चाचा म्हणाला. "चला, उतरवू."

खालचे लाकडी ठोकळे काढले. आता सगळं वजन चार कोपऱ्यांतल्या चार जॅकवर, आणि प्रत्येक जॅकवर एक माणूस. चाचाने 'इंचभर' म्हणायचं, चौघांनी दांडा फिरवून तेवढंच उतरवायचं.

"इंचभर."

उतरलं.

"इंचभर."

झकास चाललं होतं. नामदेवअण्णा तर दांडा फिरवता फिरवता गुणगुणत होता. चार बोटं फट उरली. चाचा वाकून फटीत बघायला लागला, तेवढ्यात वारा आला आणि त्याची टोपी उडून थेट आत गेली.

चाचा खाली बसला. फटीतून हात आत घातला... कोपरापर्यंत.

आणि सवयीने म्हणाला, "इंचभर."

चौघांनी पाहिलं. हात सगळ्यांना दिसत होता. चौघेही दांड्याशी वाकले. चाचा म्हणतोय म्हणजे चाचाला ठाऊक असणार...

"ए म्हाताऱ्या," कुणाल ओरडला, "हात काढ. आणि तुम्ही, जो दांडा हलवेल त्याचं थोबाड फोडीन."

दांडे जागच्या जागी राहिले. कुणी कुणाकडे बघेना.

चाचाने हात बाहेर घेतला. मुठीत टोपी. हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, बोटं एकेक करून मोजली.

"अरे, माफी माग," नामदेवअण्णा दबक्या आवाजात म्हणाला. "तीस वर्षांत चाचाला कुणी असं..."

"नाही मागणार." कुणाल म्हणाला.

तो चाचाकडे वळला. "मुद्दाम केलंत ना? मला धडा द्यायला?"

"मुद्दाम?" चाचाने टोपी गुडघ्यावर झटकली. "टोपी पडली होती रे."

आणि तो हसायला लागला. चौथऱ्याच्या कडेला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग नामदेवअण्णाला हसू फुटलं, मग उरलेल्या तिघांना. कुणालला बिलकूल हसायचं नव्हतं. तोही हसला.

हसून दमल्यावर चाचाने खिशातला पेन त्याच्यापुढे धरला.

कुणालने यादीच्या तळाशी लिहिलं: ४१. हसनचाचा.

चाचाने वाचलं. ओठ हलवत.

"अर्धं बरोबर आहे."

"आणि उरलेलं अर्धं?"

चाचाने चारी दांड्यांवरच्या माणसांकडे नजर फिरवली. नामदेवअण्णाला खुणेने उठवलं आणि त्याच्या जॅकपाशी स्वतः मांडी घालून बसला. नव्या पोराने कामाच्या पहिल्या दिवशी बसावं, तसा.

"हां, मुकादम," तो म्हणाला. "बोला. किती उतरवू?"

कुणालने चारी बाजूंनी फेरी मारली. वाकून प्रत्येक फट पाहिली. प्रत्येकाचे दोन हात मोजले, चाचाचेही. मग त्याच्यापाशी येऊन थांबला.

"चाचा... मी बोललोच नसतो तर?"

चाचाने दांडा धरला.

"हात गेला असता," तो म्हणाला. "आणि तुझं गावभर नाव झालं असतं. पोरगा काय आदबशीर आहे म्हणून."