महाराज बसले की दिवे जातात!

"बाबालाल, पुन्हा दिवे गेले! भोंगाही वाजेना!"

सोनजाई संस्थानचे तुळाजीराव महाराज तणतणत मोटारीतून उतरले. ते उतरले मात्र, दिवे लख्ख पेटले! महिनाभर हेच चाललं होतं. राणीसाहेब बसल्या, दिवाणजी बसले, तरी दिवे चालू. महाराज बसले की अंधार!

मोटार थोरल्या महाराजांच्या वेळची, विलायती, आणि तुळाजीरावांची जीव की प्राण. मुंबईहून दोन मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलं, निम्म्या तारा बदलल्या, आठ दिवस राजवाड्याचं श्रीखंड चापलं आणि निघून गेले. दिवे होते तसेच!

"दिवे फक्त आम्हालाच ओळखतात काय रे?" महाराज ड्रायव्हर बाबालालवर गरजले. "ही तुझीच लबाडी! उद्या दुपारपर्यंत दोष दाखव. एक स्क्रू खोलायचा नाही, एक तार तोडायची नाही. जमलं नाही, तर संस्थानातून चालता हो!"

बाबालाल रडवेला होऊन घरी आला. त्याची बायको हाजरा कापूस पिंजत बसली होती. गावातल्या निम्म्या गाद्या तिच्याच हातच्या. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मोटारीतली गादी कुणी उचलून बघितली का?"

"येडी का खुळी तू? महाराजांच्या बैठकीला हात लावायची कुणाची टाप हाय?"

"मग उद्या मला न्या," हाजरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मोटारीत डोकं घालून वास घेतला आणि मान डोलावली. "सरकार, भाताची दोन पोती मागवा. एक भरलेलं, एक अर्धं."

महाराजांच्या जागेवर भरलेलं पोतं ठेवलं. दिवे चालू! त्यावर अर्धं ठेवलं. दिवे गुल! अर्धं काढलं. दिवे हजर!

"सरकार, माझा दादला तर तिकडं चिंचेखाली उभा हाय. मग ही लबाडी कुणाची? भाताची?"

हाजरानं दोन्ही हातांनी गादी अलगद उचलली. एकही स्क्रू खोलावा लागला नाही! खाली बॅटरी होती आणि तिच्या जाड तारेवरचं रबर झिजलं होतं. गादीची स्प्रिंग दबून त्या उघड्या तारेला टेकत होती.

"हितं टेकली की दिवे जात्यात. गादीतला काथ्या करपलाय, त्याचाच वास येत होता."

दोष सापडला, पण आली का पंचाईत! एका पोत्याला दिवे चालू, दीड पोत्याला बंद. हिशेब सगळ्यांनीच मनातल्या मनात केला. हडकुळ्या दिवाणजींना खोकल्याची उबळ आली. बाबालालनं डोळे गच्च मिटून घेतले.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे बाई, आम्ही जाड आहोत, असंच ना?"

"छे छे सरकार! मी पिंजाऱ्याची बाई. आमच्या धंद्यात माणूस कधीच जाड नसतो. गादीच पातळ असती!"

यावर महाराज असे खदाखदा हसले, की दिवाणजींचा खोकलाच पळाला! बाबालालनं तारेवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून गादी जागेवर ठेवली. महाराज ऐसपैस बसले. दिवे चालू! भोंगा तर साऱ्या गावानं ऐकला.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हाजराच्या ओंजळीत टाकलं. "बाबालाल, तुझी नोकरी पक्की! आणि बाई, आजपासून राजवाड्यातल्या सगळ्या गाद्या तूच भरायच्या. पहिली या मोटारीची. आणि हात आखडू नकोस, चांगली जाडजूड भर!"