कोरा चहा

“म्हणजे खोटी बातमी आली की तुझा फोन ओरडतो?” बाबांनी विचारलं.

“ओरडत नाही, बाबा. लाल होतो,” सुधन्वा म्हणाला. “मेसेज माझ्या ॲपमध्ये टाकायचा. फोटो जुना असला, मजकूर एकतर्फी असला, की लगेच दाखवतो. मी स्वतः बनवलंय. सहा महिन्यांत चारशे जणांचं खोटं पकडलं!”

पुण्याचा इंजिनिअर. दर शनिवारी टेकडीवर आमच्या मठात बाबांकडे यायचा. पोरगा गुणी, पण मी-मी फार. मी चुलीपाशी बसून ऐकत होतो.

चहा पुढे केला. एक घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं.

“कोरा? दूध नाही?”

“पायथ्याची हौसाबाई आणायची,” बाबा म्हणाले. “लोकांनी तिला पायरीवरूनच परतवून लावलं. दुधात युरिया असतो म्हणे.”

“हो, मठाच्या ग्रुपवर आलं होतं.”

“मग? लाल झालं?”

“ते… तपासलं नाही. मठातल्याच आपल्या अप्पांनी पाठवलेलं. घरचंच माणूस…”

“आणि तू काय केलंस?”

“पुढे पाठवलं. सगळ्या गावाला. लोकांच्या भल्यासाठीच, बाबा!”

दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

“आता तपास.”

फोन लाल झाला. फोटो तीन वर्षांपूर्वीचा, परराज्यातल्या कुठल्याशा गोदामाचा.

शाब्बास त्या यंत्राची! बिचारं खरं तेच बोललं. त्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

“दोन म्हशी विकल्या तिनं,” मला राहवलं नाही. “तिसरीला न्यायला आज संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय.”

सुधन्वाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरं सांगतो, मला त्याची दया आली.

“आत्ताच ग्रुपवर टाकतो, बाबा. माझी चूक झाली म्हणून लिहितो.”

“लिही.”

त्यानं लिहिलं, पाठवलं. बाबांकडे बघत बसला.

मग त्यांनी खुंटीवरची किटली काढली आणि त्याच्या हातात दिली.

“आलोच हौसाबाईकडून दूध घेऊन,” तो धडपडत उठला. “मागच्या पायवाटेनं दहा मिनिटं लागतील.”

“मागची वाट नको,” बाबा म्हणाले. “आज बाजार भरलाय. येताना बाजारातून ये. आणि किटलीचं झाकण राहू दे इथंच.”